गाळातले जीव काय खातात? खाडीकाठच्या पुळणीवर पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

खाडीतल्या गाळाचा पहिला अभ्यास केला तेव्हा हिशेब मला अगदी सरळ वाटला होता. जिथे खायला जास्त, तिथे जीव जास्त. पुळणीच्या वरच्या टोकापासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत पाच ठिकाणचा गाळ आणला. थोडा भट्टीत जाळून सेंद्रिय पदार्थ किती ते काढलं, उरलेला चाळून जीव मोजले. निकाल उलटा आला. सगळ्यात काळ्याकुट्ट, जाळल्यावर सगळ्यात जास्त वजन घटलेल्या गाळात केसासारखे बारीक लाल किडे सोडले तर काही नव्हतं. आणि जिथे वजनात जेमतेम फरक पडला, त्या स्वच्छ दिसणाऱ्या वाळूत शिंपले दाटीवाटीने बसलेले. आठवडाभर मी वजनकाट्यालाच दोष देत होतो.

काटा बरोबर होता. मी पंगत उठल्यावर पत्रावळीवर उरलेलं मोजत होतो आणि त्यालाच वाढलेलं जेवण समजत होतो. गाळात जे सेंद्रिय द्रव्य सापडतं, त्यातलं बरंचसं कुणालाच न पचलेलं असतं. जे चांगलं होतं ते आल्या आल्या फस्त झालेलं. त्यामुळे गाळात आत्ता किती आहे याआधी तीन गोष्टी विचारायच्या: अन्न किती वेगाने येतं, किती ताजं येतं आणि ते कुणाच्या तोंडापर्यंत पोहोचतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांसाठी आहेत.

निघण्याआधी

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीचं पाणी सगळ्यात खाली जातं आणि एरवी न दिसणारा गाळ उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार वर जात नाही आणि फार खालीही उतरत नाही. पहिली फेरी उधाणाच्या दिवसांतच करा. ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचा, उतरत्या पाण्यामागे खाली जा आणि पाणी वळलं की कामाच्या मध्यात असलात तरी परत फिरा. सपाट चिखलावर भरती अनेकदा मागच्या ओहोळांतून आधी शिरते, समोरून येताना दिसत नाही.

एकट्याने जाऊ नका. पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर उभ्याने ओढाताण केल्यावर आणखी खाली जातो. मागे रेलून, अंगाचा भार पसरून हळूहळू पाय सोडवायचा. अनवाणी तर अजिबात नको, कालवांच्या कवचाची धार ब्लेडसारखी असते. आणि काही खाड्या संरक्षित असतात, तिथे गाळ उचलायला लेखी परवानगी लागते.

पहिली पायरी: वाकण्याआधी बघा

उघड्या समुद्राच्या पुळणीवर मोठ्या लाटा येतात. खाडीच्या आत वाऱ्याला पळायला जागाच कमी, म्हणून लाटा लहान. त्यामुळे खाडीतल्या पुळणीचा आकार बऱ्याचदा दोन तुकड्यांचा असतो: वर अरुंद, तीव्र उताराची वाळू आणि तिच्या पायथ्याशी एकदम सुरू होणारा रुंद, जवळजवळ सपाट पट्टा, जो फक्त ओहोटीला उघडा पडतो. हा मोड नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्या वर आणि खाली राहणारे जीव वेगळे, कारण त्यांचं जेवणही वेगळं.

वहीत एक आडवा छेद काढा. त्यावर या खुणा टाका: भरतीने टाकलेल्या पाल्याची रेषा, उतार बदलतो ती जागा, वाळूतून पाणी झिरपून बाहेर येतं ती ओली रेषा, चिखल सुरू होतो ती जागा आणि खारफुटी किंवा समुद्री गवत असेल तर ते. या कामाला पंधरा मिनिटं पुरतात, पण नवखे लोक नेमकं हेच टाळतात आणि घरी गेल्यावर कुठला नमुना कुठला ते आठवत बसतात.

मग प्रत्येक ठिकाणी बोटभर गाळ चोळून बघा. खरखरीत लागला तर वाळू, पिठासारखा लागला तर बारीक गाळ, आणि बोटाला चिकटून गुळगुळीत बसला तर चिकणमाती. वाळू आणि बारीक गाळ यांची सीमा ०.०६३ मिलिमीटरला धरतात. घरी पारदर्शक बरणीत गाळ-पाणी हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, चिकणमाती तासन्‌तास पाणी गढूळ ठेवते.

कणाचा आकार महत्त्वाचा का? १ मिलिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस मिलिमीटर. त्याचेच ०.१ मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६० चौरस मिलिमीटर होतो. वाळू तेवढीच, पण जिवाणूंना चिकटायला दहापट जागा. शिवाय जिथे पाणी संथ असतं तिथेच बारीक कण बसतात आणि कुजलेल्या पाल्याचा हलका चुराही तिथेच बसतो. म्हणून चिखल ‘श्रीमंत’ दिसतो.

आता फावड्याने उभा काप घ्या. वर फिकट तपकिरी थर, खाली करडा-काळा. काळा रंग लोह सल्फाइडचा, आणि सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. वरच्या थरात प्राणवायू आहे, खाली नाही. तपकिरी थराची जाडी पट्टीने मोजा. जाड वाळूत ती कित्येक सेंटिमीटर भरते, मऊ चिखलात काही मिलिमीटरच. काळ्या भागात किड्याच्या बिळाभोवती तपकिरी कडा दिसली तर थांबून नीट बघा: हा जीव वरचं पाणी खाली ओढतोय, आणि त्याच्या बिळापुरती प्राणवायूची गल्ली तयार झाली आहे.

दुसरी पायरी: अन्न कुठल्या वाटेने येतं

वाटा मुख्यतः चार. पाण्यातून तरंगत येणारे वनस्पती प्लवक. गाळाच्या पृष्ठभागावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ. भरतीने आणून टाकलेला पाला, मग तो समुद्री गवताचा असो वा खारफुटीचा. आणि नदीने वरून आणलेला गाळ-कचरा. चौथीबद्दल फार बोलत नाही. नदी माल पुष्कळ आणते, पण तो बहुतेक वाटेतच निचोडला गेलेला असतो.

दुसरी वाट मात्र नवख्यांच्या नजरेतून हटकून सुटते. ओहोटीला, उन्हात, चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते, जणू कुणी चहाचा पातळ हात फिरवलाय. ते डायॅटम आहेत, काचेसारख्या कवचाचे एकपेशीय जीव. चिखल उघडा पडला आणि ऊन आलं की ते वर सरकतात, भरती येण्याआधी पुन्हा खाली जातात. गाळात प्रकाश दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणून हा सगळा मळा तेवढ्याच जाडीचा.

हे घरी पडताळता येतं. वरचा सेंटिमीटरभर गाळ बशीत पसरा आणि त्यावर लेन्स पुसायच्या पातळ कागदाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून बशी उजेडात ठेवा. एक-दोन तासांनी वरचा तुकडा अलगद उचलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात झटका. सूक्ष्मदर्शकाखाली होडीच्या आकाराचे डायॅटम सरपटताना दिसतील. पाय नाहीत, शेपूट नाही, तरी वाळूच्या कणाला वळसा घालून पुढे जातात. पहिल्यांदा बघणारा माणूस अर्धा तास तरी हलत नाही.

तिसरी वाट फसवी. पाल्याचा ढीग दिसायला मोठा, पण त्यात नायट्रोजन कमी. समुद्री प्लवकांत कार्बनच्या साधारण ६.६ अणूंमागे नायट्रोजनचा एक अणू असतो. खारफुटीच्या गळलेल्या पानात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, वर टॅनिन हे तुरट, पचायला अवघड द्रव्य असतं. म्हणजे पोट भरेल, अंग धरणार नाही. मग असल्या कोंड्यावर जगतं कोण?

याचं एक छान उत्तर १९६५ मध्ये न्यूएल नावाच्या संशोधकाने दिलं. हायड्रोबिया ही युरोपातल्या चिखलपट्ट्यांवरची काही मिलिमीटरची गोगलगाय, एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी असते. त्याने तिची विष्ठा घेतली. तिच्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन नगण्य. ती समुद्राच्या पाण्यात काही दिवस ठेवली तेव्हा नायट्रोजन वाढला, कारण तिच्यावर जिवाणू चढले होते. तीच पुन्हा गोगलगायींना घातली. नायट्रोजन पुन्हा उतरला, कार्बन मात्र फारसा हलला नाही. म्हणजे पाल्याचा चुरा हे बरंचसं ताट, आणि जेवण त्यावर वाढलेलं. ताट धुऊन झालं की काही दिवसांनी पुन्हा वाढलं जातं.

यापुढे वहीत ‘सेंद्रिय पदार्थ जास्त’ असं लिहाल तेव्हा शेजारी एक प्रश्नचिन्ह टाका: ताट की जेवण?

तिसरी पायरी: जेवणाऱ्यांना जिवंत बघा

नमुने मद्यार्कात टाकण्याआधी थोडे जीव जिवंत बघा, असा माझा आग्रह आहे. मेलेला किडा कसा खात होता हे पुस्तकातून कळतं. जिवंत किडा ते स्वतः दाखवतो, आणि कधीकधी पुस्तकाशी भांडतो.

पाणी गाळून खाणारे आधी. बहुतेक शिंपले यातले. वाळूवर जवळजवळ दोन छिद्रं किंवा इंग्रजी आठासारखी खूण दिसली तर खाली शिंपला नळ्या वर काढून बसलाय. हा पाण्याखाली असेल तेवढाच वेळ जेवतो. मध्यपातळीवरच्या शिंपल्याला दिवसातले साधारण बारा तास मिळतात. वर सरकावं तसा वेळ घटतो, आणि अगदी वरच्या पट्ट्यात भांगाच्या दिवसांत पाणी पोहोचतच नाही. दोन्हीकडचं पाणी तेच, त्यातले प्लवक तेच, पण एकाला दुप्पट वेळ. वरचे शिंपले लहान का, याचं उत्तर बऱ्याचदा इतकं साधं असतं.

गाळाचा पृष्ठभाग चाटणाऱ्यांत गोगलगायी, फिडलर खेकडे, मॅकोमासारखे शिंपले आणि स्पायोनिड किडे येतात. मॅकोमाच्या दोन नळ्या वेगळ्या आणि लांब असतात. एक नळी बाहेर काढून तो भोवतालचा गाळ ओढून घेतो. त्याच्या काही भाईबंदांच्या बिळाभोवती चांदणीसारख्या रेघा उमटतात.

फिडलर खेकड्याजवळ मात्र वीस मिनिटं बसा. अंग हलवू नका, तो बिळातून परत येईल. लहान नांगीने चिमूटभर गाळ तोंडात घालतो. तोंडाच्या आतल्या केसांची टोकं चमच्यासारखी असतात. त्यांनी तो पाण्यात कण घुसळून वरचे डायॅटम आणि जिवाणू निवडून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून खाली टाकतो. नराची एक नांगी दाखवायची आणि भांडायची, त्यामुळे जेवायला एकच. मादी दोन्हींनी जेवते. त्या गोळ्या म्हणजे विष्ठा नाही, चाखून टाकलेला गाळ आहे. बिळाच्या तोंडाशी मोठे ओबडधोबड गोळे दिसले तर ते खोदकामाचे. खाण्याचे आणि खणण्याचे गोळे एकत्र मोजू नका. मी मोजले होते. सगळी फेरी वाया गेली.

गाळाच्या आतून खाणारे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा पसारा दिसतो. उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवरचा अरेनिकोला किडा ‘जे’ अक्षराच्या आकाराच्या बिळात डोकं खाली करून राहतो. डोक्याच्या बाजूला पृष्ठभागावर खळगा पडतो, शेपटीच्या बाजूला शेवेसारखी वेटोळी विष्ठा साठते. गाळ खाणारे बहुतेक जीव दिवसाला निदान स्वतःच्या वजनाइतका गाळ पोटातून काढतात, कित्येक जण त्याच्या कितीतरी पट. अन्न इतकं विरळ असलं की तेवढं गिळावंच लागतं.

शिकारी आणि मेलेलं खाणारे वेगळे लिहा. नेरीस किड्याचा जबडा चिमट्याने मागून हलकं दाबलं की बाहेर येतो, पण त्यावरून त्याला निव्वळ शिकारी ठरवू नका. तो गाळही खातो, पानंही ओढतो.

आता पुस्तकाशी भांडणारा किडा. स्पायोनिडला डोक्याजवळ दोन लांब संस्पर्शिका, म्हणजे चाचपायचे-पकडायचे धागे, असतात. बशीत त्याची नळी सरळ ठेवा आणि पाणी स्थिर असू द्या. तो त्या संस्पर्शिका गाळावर पसरून कण वेचतो. मग ड्रॉपरने हळूहळू प्रवाह द्या. संस्पर्शिका वर उठतात, स्क्रूसारख्या वळतात आणि पाण्यातले कण पकडू लागतात. गाळ खाणारा किडा काही क्षणांत पाणी गाळणारा झाला. म्हणून रकाना भरताना ‘दोन्ही’ लिहायला लाजू नका.

चौथी पायरी: नमुना घेणं

१० सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची नळी घ्या. ती २० सेंटिमीटर खाली दाबा, वरचं तोंड झाकणाने घट्ट बंद करा, बाजूने हात घालून उचला. या नळीचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोजलेल्या संख्येला १२७ ने गुणलं की चौरस मीटरचा आकडा मिळतो. एका नळीत एक शिंपला जास्त आला तर चौरस मीटरला १२७ शिंपले वाढतात, हे ध्यानात ठेवा. म्हणून प्रत्येक ठिकाणी निदान पाच नळ्या. मोठे शिंपले आणि खेकडे नळीत फारसे येत नाहीत, त्यांच्यासाठी अर्धा मीटर बाजूची चौकट ठेवून आतली बिळं मोजा.

चाळणी ०.५ मिलिमीटरची. तिच्यावर राहतात ते मोठे गाळजीव. तिच्यातून निसटणाऱ्या बारक्यांचं जग वेगळं, ते ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीवर अडवतात आणि पहिल्या फेरीत त्यांच्या वाटेला जाऊ नये. चाळणी पाण्याच्या बादलीत अर्धी बुडवून गोल हलवा. नळाचा जोरदार झोत मारला की किड्यांचे तुकडे होतात आणि मग डोकी मोजायला लागतात. (खरंच डोकीच मोजतात. शेपट्या मोजल्या तर एका किड्याचे तीन होतील.)

किडे आखडू नयेत म्हणून आधी सुमारे ७ टक्के मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात थोडा वेळ ठेवा, मग ७० टक्के मद्यार्कात. फॉर्मलिन जास्त टिकाऊ, पण ते विषारी आहे. प्रयोगशाळेची सोय आणि शिकवणारं माणूस असेल तरच. खूणचिठ्ठी पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका. बरणीवर बाहेरून मार्करने लिहिलेलं मद्यार्काच्या एका थेंबाने पुसतं. माझ्या बारा बरण्या अशाच अनाथ झाल्या.

पाचवी पायरी: अन्न मोजणं

सगळ्यात स्वस्त पद्धत जाळण्याची. गाळ ६० अंशांवर वाळवून वजन करा, ४५० ते ५५० अंशांवर चार तास भट्टीत ठेवा, पुन्हा वजन करा. घट म्हणजे ढोबळमानाने सेंद्रिय पदार्थ. तापमान फार वाढवलं तर शिंपल्यांचा चुनाही फुटतो आणि आकडा फुगतो. चिकणमातीच्या कणांत बांधलेलं पाणीही उडतं, त्यामुळे चिखलाचा आकडा थोडा खोटाच मोठा येतो. या पद्धतीने ताट मोजलं जातं.

जेवणाच्या जवळ जायचं तर हरितद्रव्य मोजा. वरचा फक्त अर्धा सेंटिमीटर घ्या, ओहोटी आणि प्रकाश दोन्ही नोंदवा. कापलेल्या सिरिंजने हे काम छान होतं. लगेच अंधारात बर्फावर ठेवा, मग गोठवा. नंतर ९० टक्के ॲसिटोनमध्ये काढून मोजतात. खाली जाणाऱ्या डायॅटमांमुळे सकाळचा आणि भरतीच्या तोंडचा नमुना वेगळा येऊ शकतो, म्हणून सगळ्या ठिकाणी ओहोटीच्या हिशेबाने तीच वेळ धरा.

पैसे आणि ओळखी असतील तर समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू. कार्बन-१३ चं प्रमाण ठरलेल्या मानकाच्या तुलनेत खारफुटीच्या पानात दर हजारी उणे २८ च्या आसपास, समुद्री प्लवकात उणे २० च्या आसपास, गाळावरच्या डायॅटमांत बहुतेकदा त्याच्याही वर. खाणाऱ्याच्या अंगात हा आकडा फारसा बदलत नाही, तर नायट्रोजन-१५ दर पायरीला सरासरी ३.४ ने चढतो. या दोन आकड्यांवरून कोण कुणाच्या जिवावर जगतोय ते बऱ्यापैकी कळतं. खारफुटीच्या सावलीत राहणारे अनेक खेकडे आणि गोगलगायी पानांपेक्षा डायॅटमांवर आणि प्लवकांवर जास्त जगतात, हे अशाच मोजणीतून पुढे आलं.

अशी मोजणी नव्हती तेव्हा मोठमोठे लोक चकले. डेन्मार्कच्या पीटरसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रतळाचे नमुने पद्धतशीर घेतले आणि निष्कर्ष काढला की तिथल्या माशांपर्यंतची सगळी साखळी समुद्री गवताच्या कुजक्या चुऱ्यावर उभी आहे. दिसत तसंच होतं, गवत अमाप होतं. १९३० च्या दशकात उत्तर अटलांटिकमधलं बहुतेक गवत रोगाने मेलं. त्या हिशेबाने मासेमारी बसायला हवी होती. ती त्या प्रमाणात बसली नाही.

सहावी पायरी: आकडे शेजारी ठेवताना

एका बाजूला अन्नाचे आकडे, दुसऱ्या बाजूला जिवांचे. आलेख काढायची घाई करू नका. आधी इतर संशयित तपासा.

पहिला संशयित प्रवाह. १९५८ मध्ये सँडर्सने अमेरिकेतल्या बझर्ड्‌स बे या उपसागरात दाखवलं की चिखलात गाळ खाणारे जास्त, वाळूत पाणी गाळणारे जास्त. पुढे १९७० मध्ये ऱ्होड्स आणि यंग यांनी एक कारण सुचवलं: गाळ खाणारे चिखल इतका उकरतात की वरचा थर सैल होतो, आणि पाणी गाळणाऱ्यांच्या चाळण्या तुंबतात, पिल्लं गाडली जातात. एक पंगत दुसरीला उठवते. पण १९९४ मध्ये स्नेलग्रोव्ह आणि बुटमन यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासून बजावलं की कणाचा आकार हे स्वतः कारण असेलच असं नाही. पाण्याचा वेगच कण निवडतो, अन्न आणतो आणि अळ्याही आणतो. वाळू आणि शिंपले एकत्र दिसतात म्हणून शिंपल्याला वाळू आवडते असं नाही, दोघांनाही तिथे वेगवान पाण्याने आणलेलं असू शकतं. माझ्या पहिल्या फेरीचं कोडं इथेच सुटलं. त्या ‘गरीब’ वाळूवरून दर भरतीला ताजे प्लवक वाहत होते, आणि शिंपले ते वरच्या वर गाळून घेत होते. गाळात साठणार काय?

दुसरा संशयित अजीर्ण. पीअरसन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये मांडलेलं चित्र प्रत्येक नवख्याने हाताने एकदा काढावं. सेंद्रिय पदार्थ थोडे वाढले की प्रकार आणि वजन दोन्ही वाढतात. आणखी वाढले की मोठे, खोल राहणारे जीव जातात आणि कॅपिटेलासारखे छोटे लाल किडे प्रचंड संख्येने येतात. त्याहून वाढले की कुजण्यातच सगळा प्राणवायू संपतो आणि तिथे कुणीच उरत नाही. म्हणून नुसती संख्या बघून ‘भरभराट’ म्हणू नका. प्रकार, संख्या आणि वजन हे तीन रकाने कायम शेजारी ठेवा. माझे केसासारखे लाल किडे याच वक्राच्या उतरत्या बाजूला बसले होते.

तिसरा क्षारता. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मधे, साधारण दर हजारी ५ ते ८ क्षारतेच्या पट्ट्यात, प्रकारांची संख्या सगळ्यात कमी होते. रेमानेने १९३४ मध्ये बाल्टिक समुद्रावरून हे मांडलं. खाडीत वर जाताना जीव कमी झाले तर अन्न कमी झालं असं समजण्याआधी क्षारता मोजा, आणि तीही गाळातल्या पाण्याची. पूर ओसरल्यावर वरचं पाणी लवकर बदलतं, गाळातलं हळू.

चौथा संशयित शिकारी. पक्षी, मासे आणि खेकडे रोज उचलत असतील तर अन्न कितीही असो, संख्या वाढणार नाही.

आणि पाचवी गोष्ट, अन्न आहे पण हाताशी नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर बे या खाडीच्या पुळणींवर मे-जूनमध्ये हॉर्सशू क्रॅब हजारोंनी येऊन वाळूत वीतभर खोल अंडी घालतात. त्याच सुमारास रेड नॉट पक्षी ध्रुवाकडे जाताना तिथे उतरतात. त्यांची चोच इतकी खोल पोहोचत नाही. मग त्यांना अंडी मिळतात कशी? मागून आलेल्या माद्या आधीच्यांची घरटी उकरतात, लाटा वाळू घुसळतात आणि अंडी वर येतात. क्रॅब कमी झाले तर अंडी घटतात, आणि उरलेली खालीच राहतात.

पुढच्या वेळी: एक छोटा प्रयोग

सपाट पट्ट्यावर अर्धा मीटर बाजूच्या नऊ जागा आखा. तिघांवर काळं जाळीदार कापड ताणा, म्हणजे डायॅटमांना ऊन मिळणार नाही. तिघांवर तसंच पण पारदर्शक कापड, कारण नुसत्या कापडानेही पाणी मंदावतं आणि गाळ बसतो, तो परिणाम वेगळा काढता आला पाहिजे. तीन उघड्या. कुठली जागा कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. पंधरा दिवसांनी, म्हणजे पुढच्या उधाणाला, प्रत्येकातून हरितद्रव्याची सिरिंज आणि जिवांची नळी घ्या. काळ्या कापडाखाली गोगलगायी कमी आणि गाळाच्या आतले किडे तेवढेच, असं आलं तर कोण कुठल्या वाटेवर जेवतं याचा पहिला पुरावा तुमच्या हातात आहे.

खुंट्या गाळाच्या वर वीतभरच ठेवा आणि वरची टोकं तासून टोकदार करा. उंच, सपाट खुंटीवर पक्षी येऊन बसतात, आणि मग तुमच्या चौकटीत वरून खत पडायला लागतं.